घोड्यावरून उतरताना

रविवारी पोहे खाताखाता लेकीने विचारलं, ‘‘बाबा, ‘गेट ऑफ युवर हाय हॉर्स’ म्हणजे काय?’’

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर ‘माहीत नाही’ हे उत्तर येतच नाही. म्हटलं, ‘‘सोप्पंय! दुकानात जरा घाई केली की दुकानदार विचारतो ना, घोड्यावर बसून आलात का? तेच. घाई करू नकोस.’’ तिने विश्वासाने वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी वही माझ्या पुढ्यात आदळली. लाल फुली, आणि शेजारी बाईंचा प्रश्न : हे कोणी सांगितलं?

माळ्यावरचा जाडजूड कोश काढला, शिंका दिल्या, आणि पान उघडलं. मध्ययुगीन इंग्लंडात बडी मंडळी युद्धाला आणि मिरवायला उंच, दांडगे घोडे बाळगत. 1380च्या सुमारास धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या नावावरच्या लिखाणात पोपचे कार्डिनल, म्हणजे बडे धर्मगुरू, तांबडी वस्त्रं लेवून असल्याच उंच घोड्यांवरून जाताना दिसतात. पुढे घोडे गेले, ऐट तेवढी राहिली. म्हणजे ‘फार शहाणपणा मिरवू नकोस, खाली ये.’

घोळ असा की, त्यांनी घोड्याची उंची मोजली आणि आपण वेग. शनिवारवाड्यापुढे बाजीराव घोड्यावर बसलेले आहेत, पण त्यांना कोणी शिष्ट म्हणेल का? 1728 साली पालखेडला निजामाची कोंडी केली ती दौडीच्या जोरावर. त्यांना खरंच घाई होती! शिष्टपणासाठी आपल्याला घोडा लागतच नाही, नाक पुरतं. त्याने कांदे सोलता येतात.

हे सगळं मी लेकीला पाऊण तास समजावलं. मधेच ती म्हणाली, ‘‘पण बाबा, मी काल बाईंना विचारायला गेलेले, तेव्हा...’’

‘‘गेलेले नाही, गेले होते!’’

ती काही बोलली नाही. नुसतं आईकडे बघितलं. आईने कढईतला झारा जरा जोरातच आपटला आणि मला कोथिंबीर आणायला पिटाळलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात मालक पेपर वाचत होते. मी दोनदा खाकरलो, तिसऱ्यांदा ‘‘अहो, जरा लवकर’’ म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘‘घोड्यावर बसून आलात का?’’

‘‘आलो होतो,’’ मी म्हणालो. ‘‘घरच्यांनी उतरवलं.’’

‘‘मग उभे राहा,’’ म्हणाले, आणि पान उलटलं.