गरम कान
मोबाईलच्या प्रारणांचा मेंदूवर काय परिणाम होतो, यावरचा एक लांबलचक लेख मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवरच वाचला आणि तेव्हापासून माझा उजवा कान गरम लागू लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात बसवले, हे कळताच मी उठून बसलो. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे, असे सौभाग्यवतींनी निदर्शनास आणले. पण कोरफड कानाला लावून कोणी तासभर बोलत नाही, हा माझा मुद्दा त्यांना पटला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन हातभर लांब धरून बोलू लागलो. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते, हे शास्त्र पक्के आहे. मात्र अंतराबरोबर आवाजही वाढवावा लागतो आणि त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या पोटाविषयी विचारलेले नाजूक प्रश्न व मी दिलेली तपशीलवार उत्तरे साऱ्या इमारतीला ऐकू गेली.

तेव्हा बोलणे खासगी राहावे आणि टॉवरच्या लहरीही टळाव्यात, अशा दुहेरी हेतूने मी जाड भिंतींच्या अडगळीच्या खोलीत, फोन कानाशी घट्ट धरून बसू लागलो. सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन स्वतःच अधिक जोर लावतो, हे चिरंजीवांनी पंधरा दिवसांनी सांगितले. या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, त्या ऊतींना फार तर किंचित उष्णता देतात आणि कान तापतो तो मुख्यतः फोनच्याच उबेने, असेही तो म्हणाला. पण ज्याचा कान त्यालाच ठाऊक!

शेवटी मी २०११ सालचाच एक अमेरिकी प्रयोग पुढे केला. ४७ जणांच्या दोन्ही कानांना एकेक फोन लावून, त्यातला एक आवाज बंद ठेवून ५० मिनिटे चालू ठेवला, तेव्हा अँटेनाजवळच्या मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ही वाढ हितकर की अहितकर, हे संशोधकांना सांगता आले नाही. सौभाग्यवतींना मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही. “अहो, मग तुम्ही फोन कानाला बांधूनच ठेवा,” त्या म्हणाल्या.

मी वायरचे इअरफोन आणले. कान आता गार असतो. फोन शर्टाच्या खिशात असतो आणि कालपासून छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी गरम लागते आहे.