'बाळा' म्हणणाऱ्या काकांना

काका, 'क्लाउड अ‍ॅटलस' या पिक्चरच्या पडद्यामागच्या गोष्टींवर मी लिहिलं त्याखालची तुमची कमेंट सकाळी वाचली. "बाळा, ही माहिती नेटवर दहा मिनिटांत मिळते. पुनर्जन्म फक्त नावाला आहे. आणि गोऱ्या नटांना कोरियन बनवलं त्यावर गप्प का?"

बाळा? मी ४३ वर्षांचा आहे हो. सदाशिव पेठेत वाढलोय, मोठ्यांना मान द्यायला आम्हालाही शिकवलंय, पण ओळखदेख नसताना बाळा म्हणायची ही कुठली रीत? एक चूक मान्य, शूटिंग सगळं जर्मनीत झालं असं मी लिहून गेलो, स्कॉटलंड आणि मायोर्का राहिलं, ते दुरुस्त केलंय.

आता ती दहा मिनिटं. २०१२ ला पिक्चर आला तेव्हा कोथरूडहून नगर रोडला बाइकवर गेलो, जवळपास तीन तासांचा पिक्चर, त्यात थिएटरवाल्यांनी भलत्याच जागी इंटर्व्हल टाकलेला, धड काही कळलं नाही म्हणून दोन दिवसांनी परत गेलो. पिक्चरमध्ये सहा काळांतल्या सहा कथा, आणि तेच नट त्यांत वेगवेगळ्या भूमिकांत. मग डीव्हीडी आणली आणि वहीत सहा काळांचे सहा रकाने आखून कोणता नट कुठे कोण ते लिहून काढलं. टॉम हँक्स १८४९ मध्ये सोन्यासाठी विष घालणारा डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटच्या काळात तोच भित्रा झॅक्री, जो अखेर हिंमत धरतो. पण धूमकेतूची जन्मखूण बघा, ती सहा काळांत सहा वेगळ्या नटांच्या अंगावर आहे! चेहरा एका वाटेने जातो, खूण दुसऱ्या. हे मला वहीत सापडलं, नेटवर नाही.

आणि हे सगळं शूटिंगची दोन युनिट एकाच वेळी चालवून केलंय, तिघं दिग्दर्शक, वाचोव्स्की बहिणींकडे १८४९ आणि भविष्यातल्या दोन कथा, टॉम टिकवरकडे १९३६, १९७३ आणि २०१२, नट आज इकडे उद्या तिकडे, मेकअप बदलून. संगीत टिकवरने दोन साथीदारांबरोबर शूटिंगआधीच रचायला घेतलं, कारण १९३६ च्या कथेतला पोरगा तीच रचना लिहितो. हे तुम्हाला दहा मिनिटांचं काम वाटतं?

पुनर्जन्म नावाला म्हणताय, तर वरचा झॅक्री परत वाचा, तोच चेहरा विष घालण्यापासून हिंमत धरण्यापर्यंत येतो. मेकअपचं म्हणाल तर कोरियन बनवलेल्या जिम स्टर्जेसचे डोळे मलाही खटकले होते, पण माझा विषय तो नव्हता.

पुढच्या आठवड्यात फक्त संगीतावर लिहितोय. चुका काढा, जरूर काढा, पण बाळा म्हणून सुरुवात केलीत तर कमेंट उडवणार.