केबलवाला संपला म्हणणाऱ्यांसाठी

गावातला केबलवाला आता संपला असं जो तो म्हणते, मला हे अजिबात पटत नाही राजेहो.

1992 ला झी टीव्ही आलं तेव्हा आपल्याकडच्या पोट्ट्यांनी छतावर मोठी डिश लावली, इलेक्ट्रिकच्या खांबावरून, कडुनिंबाच्या फांदीवरून वायर ओढली आन् घरोघरी कनेक्शन दिले, कोणी कोर्स केला नव्हता का बँकेनं लोन दिलं नव्हतं. केबलचा कायदा तर मागून आला, 1995 ला. मग डीटीएच आलं, 2017 पर्यंत गावखेड्यातही सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, 2019 ला ट्रायनं, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकानं, 100 चॅनलचं भाडं 130 रुपयांवर बांधलं, त्यात जिओनं टीव्हीच खिशात आणून ठेवला. धंदा बसला हे खरंच आहे. पण घराघरापर्यंत गेलेली वाट कोणाजवळ आहे? वावधनात, वादळात लाइन तुटली तर रात्री शिडी घेऊन कोण येते? ज्यांनी वेळेवर कोएक्स, म्हणजे जुनी तांब्याची केबल, काढून काचेच्या तंतूची फायबर टाकली, तिचे तुकडे जोडायचं काम, स्प्लायसिंग, शिकलं, ते आज त्याच घरात इंटरनेट देऊन राहिले.

आन् केबलवाल्याची खरी संधी मला याच्याही पुढं दिसते. पहिले चॅनल काढायचं म्हणजे सॅटेलाइट, लायसन, कोट्यवधी रुपये, आपल्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. आता दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आन् बरं नेट असलं की शंकरपट, म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत, लाइव्ह जाते. 2023 ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीचा राज्याचा कायदा वैध ठरवला, आता पटाचा सीझन उघड उघड भरते, पुण्या-मुंबईत कंपनीत असलेला गावचा पोरगा सुट्टी नाही म्हणून मोबाईलवर जोडी पाहते. त्याच्या स्क्रीनवर गावातल्या कृषी केंद्राची, सोनाराची, मंगल कार्यालयाची जाहिरात का नसावी? मोठ्या चॅनलचा रेट यायले कधीच परवडणार नाही, तुमचा, गावातल्या केबलवाल्याचा, परवडते.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाचं मात्र वेगळं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत वर्षाचं कमावतात, तेही तिकिटावर. पूर्ण नाटक फुकट लाइव्ह टाकलं तर त्या कलाकाराच्या पोटावर पाय येते, हे मला चालत नाही. कंपनीशी बोला, लेखी करार करा, एखाद-दोन प्रवेश दाखवा, नाहीतर सीझन संपल्यावर पैसे घेऊन दाखवा आन् हिस्सा द्या. तिथल्या कलाकारांना बाहेरचा प्रेक्षक मिळालाच पाहिजे, पण त्यांना विचारून.

आणखी एक, आवाजाकडं लक्ष द्या रे बाप्पा! चित्र झकास आन् आवाज भोंग्यातून आल्यासारखा, असे कितीतरी लाइव्ह पाहिले मी. मिक्सरमधून सरळ लाइन घ्या, हार्मोनियम-तबल्याचा माइक वेगळा ठेवा. पटात कॉमेंट्री आपल्या वऱ्हाडीतच करा, जोडीचं, मालकाचं, गावाचं नाव पहिले घ्या, लोक त्यासाठीच थांबतात. आन् ज्याच्याजवळ फायबर आहे त्यानं पटाच्या दाणीपर्यंत, जोड्या पळतात त्या पट्टीपर्यंत, एक लाइन ओढून द्यावी, कारण गर्दी वाढली की मोबाईलचा टॉवर बसतेच.