'खेड्यातल्या क्लासची पद्धत': एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर,

'ॲक्टिव्ह-पॅसिव्ह: आठ काळ, एक तक्ता' या माझ्या लेखाखाली आपण परवा रात्री लिहिलेलं वाचलं. आपण नाव दिलेलं नाही, 'निवृत्त इंग्रजी प्राध्यापक, पुणे' एवढीच ओळख दिली आहे, म्हणून 'सर' म्हणतो. बाकीच्या वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात: फ्यूचर परफेक्टच्या ओळीत मी 'बीन' गाळलंय, उरलेल्या चार काळांचं पॅसिव्ह 'होतच नाही' हे माझं विधान चूक आहे, होतं पण सहसा कोणी वापरत नाही, पॅसिव्ह कधी वापरायचं याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि शेवटी, 'असे तक्ते घोकवून घेणं ही खेड्यातल्या क्लासची पद्धत झाली.'

आधी 'बीन'चं मिटवून टाकतो. चूक राहून गेली, मान्य. 'द मँगो विल हॅव बीन ईटन बाय रामा' असं हवं होतं. 'बीन' गेलं की उरतं 'विल हॅव ईटन', आणि ते ॲक्टिव्ह. त्यावरून आपण लिहिलंत की 'सरांच्या वाक्यात आंबाच काहीतरी खाऊन बसलाय.' विनोद चांगला आहे. पण गळालेल्या एका शब्दावर तीन ओळी हसून घेणाऱ्या माणसाच्या वर्गात हात वर करायची हिंमत किती पोरांना होत असेल, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आता ते शेवटचं वाक्य.

माझा क्लास खेड्यातलाच आहे. ते मी कधी लपवलेलं नाही. चोपडा तालुक्यात, पत्र्याची खोली, दोन फळे, त्यातला एक तडकलेला. एकोणीस वर्षं झाली. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की निम्मी बॅच शेतात असते, तेव्हा मी संध्याकाळची वेळ साडेसातला नेतो आणि वीज गेली तर बाहेर ओट्यावर बसतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पोरं घरी पावरी बोलतात, गावातली अहिराणी, आणि रावेर-यावलकडून मामाकडे शिकायला राहिलेली दोघं-तिघं लेवा बोलीतली. शाळेच्या पुस्तकातली मराठी हीच यांच्यातल्या निम्म्यांची पहिली परकी भाषा. इंग्रजी नंतर.

या पोरांना व्हॉइस शिकवताना अडतं कुठे, हे आपल्याला माहीत आहे का? तक्त्यात नाही अडत. 'ने'मध्ये अडतं.

'रामाने आंबा खाल्ला.' मराठीच्या तासाला मुलगा शिकतो की हा कर्मणी प्रयोग. का, तर क्रियापद आंब्याच्या मागे जातं. आंब्याऐवजी चिंच आली की 'खाल्ला'चं 'खाल्ली' होतं, राम तिथेच. पुढच्या तासाला इंग्रजीत त्याला सांगतात की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. झालं! आता 'रामा एट अ मँगो' हे वाक्य त्याच्या डोक्यात 'रामाने आंबा खाल्ला' असं उतरतं, म्हणजे कर्मणी, म्हणजे त्याच्या हिशेबाने ते आधीच पॅसिव्ह. मग प्रश्नात 'चेंज द व्हॉइस' आलं की तो बावचळतो. त्यातून 'ने' दिसला की 'बाय' घालायची सवय. मग कागदावर उतरतं: 'द मँगो एट बाय रामा'. अहिराणीतही तीच गत, 'पोऱ्यानी आंबा खादा'. घरी, शाळेत, सगळीकडे भूतकाळात कर्त्याला शेपूट लागलेलं. आणि 'रामाने रावणाला मारले' घेतलंत तर तो आणखी तिसराच, भावे प्रयोग, आणि इंग्रजीत पुन्हा साधं ॲक्टिव्ह.

मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, छडीने शिकवलं. माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात 2000 साली आलं, आम्ही त्याच्या आधीचे. आठवीत सरांनी विचारलं, 'रामा एट अ मँगो', व्हॉइस कोणता? मी छातीठोकपणे 'पॅसिव्ह' म्हणालो, कारण मराठीच्या तासाला ते कर्मणी होतं. हातावर दोन बसल्या. का चुकलो ते कोणी सांगितलं नाही. ते मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मधल्या काळात आपल्याच शहरात एका नामांकित संस्थेत मुलाखतीला बसलो होतो. 'जळगावकडचे का? बोलण्यावरून वाटलंच,' असं एक जण हसत म्हणाले. पुढचे प्रश्न मला आठवत नाहीत. त्यामुळे 'खेड्यातल्या क्लासची पद्धत' हे शब्द आपल्याला सहज सुचले असतील, मला ते ओळखीचे वाटले.

तर ऐका ती पद्धत. मी पोरांना सांगतो, पॅसिव्ह शोधायचं तर 'ने' विसरा, 'जाणे' धरा. 'खातो'चं 'खाल्ला जातो'. मराठीत याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि इंग्रजी पॅसिव्हच्या रांगेत बसणारं आपल्याकडे हेच एक आहे. काळ बदलला तरी मुख्य क्रियापद एका रूपात गप्प उभं राहतं आणि काळाचं सगळं ओझं 'जाणे' वाहतं. खाल्ला जातो, खाल्ला जात आहे, खाल्ला गेला आहे. खाल्ला गेला, खाल्ला जात होता, खाल्ला गेला होता. खाल्ला जाईल, खाल्ला गेलेला असेल. इंग्रजीत तेच काम 'बी' करतं: इज, इज बीइंग, हॅज बीन, वॉज, वॉज बीइंग, हॅड बीन, विल बी, विल हॅव बीन. पुढे 'ईटन' जसंच्या तसं, व्ही-थ्री म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, हलत नाही. आठच्या आठ जोड्या समोरासमोर. हा माझा तक्ता. तो मी घोकवतो, आणि घोकवणारच, कारण पाढ्यासारखा तो तोंडात बसला की पोरगं अर्थाकडे बघायला मोकळं होतं. आपण पाढे समजून घेतले होते की पाठ केले होते, सर?

पाट्या टाकणारा क्लास असता तर मी गाइडमधली पन्नास वाक्यं उतरवून दिली असती. त्या गाइडांत 'रामा हॅज अ हाउस'चंसुद्धा पॅसिव्ह केलेलं मी पाहिलंय. ते बघून आपण कुठे प्रतिक्रिया लिहिली होती का?

बाकीचं थोडक्यात.

चार काळांचं. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, पास्ट परफेक्ट कंटिन्युअस, फ्यूचर कंटिन्युअस आणि फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस. आपण लिहिता, 'हॅज बीन बीइंग ईटन' हे व्याकरणाने शक्य आहे. असेल. 'विल बी बीइंग बिल्ट' कोणीतरी कुठेतरी म्हणतही असेल. मी दहावीच्या पोरांसाठी लिहितो, त्यांच्यासाठी 'होत नाही' एवढं पुरे. आपण इतिहासही काढलात की 'द हाउस इज बीइंग बिल्ट' हेही अठराव्या शतकाच्या अखेरीस नवं होतं, लोक तेव्हा 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत, आणि नव्या रूपाला पुढे कित्येक वर्षं जाणकार नाकं मुरडत होते. हे मला माहीत आहे. त्यातून आपला मुद्दा बळकट होतो की नाक मुरडणाऱ्या जाणकारांबद्दलचा माझा, हे आपणच ठरवा. ('होत नाही'च्या जागी 'सहसा वापरत नाहीत' असं केलंय. वाद नको.)

कधी वापरायचं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बोर्डाच्या पेपरात व्हॉइस बदलायला सांगतात, तो का बदलला ते विचारत नाहीत. शिवाय हे पोरांना न सांगताही कळतं. भुसावळ स्टेशनवर गाडी दोन तास लेट असते आणि वरून आवाज येतो, 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. वर्गात मी विचारलं, इथे खेद कोणाला झालाय? मागून उत्तर आलं, 'कोणालेच नही, सर.' केळीचंही तसंच. 'बनानाज आर ग्रोन इन रावेर', इथे पिकवणारा कोण ते सांगावं लागत नाही, पॅसिव्ह शोभतं. पण 'ट्रक भरला गेला' असं व्यापारी म्हणतो, आणि तोच ट्रक ज्यांच्या बापाने रात्री दोनपर्यंत भरलेला असतो ती पोरं 'आमच्या बापाने भरला' असं म्हणतात. कर्ता कधी लपवायचा आणि कोण लपवतो, हे त्यांना आपण किंवा मी काय शिकवणार? लेखात हे लिहायचं राहिलं, ते मला तितकं महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून.

आपण पुढेही जरूर लिहा, फक्त नावानिशी लिहा. टोमणा मारायचा आणि मारणाऱ्याची जागा कोरी ठेवायची, हेही एक पॅसिव्हच झालं.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा टाकलाय. आणि एक राहिलं. ते 'बीन' आपल्या आधी, मंगळवारीच, नववीतल्या एका मुलीने दाखवलं होतं. मोबाइल माझ्यापुढे धरून, त्या ओळीवर बोट ठेवून ती एवढंच म्हणाली, 'सर, आठे कायतरी राही गयं.' मी 'बघतो' म्हणालो, आणि वेचणीच्या गडबडीत आपली प्रतिक्रिया येईपर्यंत बघितलं नाही.