हलका फराळ आणि कढईचा मान: एका प्रतिक्रियेला उत्तर

दिवाळीच्या सोप्या आणि हलक्या पदार्थांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश असा: सण वर्षातून एकदाच येतो, तेव्हा तेलातुपाचा हिशेब मांडणे हा करंटेपणा आहे, ओव्हनमध्ये भाजलेली करंजी ही करंजी नसून बिस्कीट आहे, आपल्याकडे सुतक असलेल्या घरातच कढई चढत नाही, त्यामुळे तळणाला कात्री लावायला सांगणे अशुभ आहे, आणि पाहुण्यांपुढे पोहे ठेवायचे, तर मग भाऊबिजेला भावाच्या पानात काय काकडी वाढायची, असा आपला शेवटचा प्रश्न आहे. प्रतिक्रिया तिखट असली तरी तिच्यामागे विचार आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही.

करंजीच्या बाबतीत आपल्यात मतभेद नाहीच. ओव्हनमधली करंजी किंवा एअर फ्रायरमधली चकली मी लेखात सुचवलेली नाही आणि पुढेही सुचवणार नाही. चकलीचे पीठ तापलेल्या तेलात पडताच त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर धावते, त्या वाफेच्या वाटेने आत पोकळ्या राहतात आणि मोहनामुळे त्यांच्या भिंती खुसखुशीत होतात. कोरड्या गरम हवेत तेच पीठ आधी बाहेरून वाळते आणि दाताखाली खडबडते. शिवाय तळलेले टाळले की आपोआप हलके खाल्ले, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. नानकटाई भट्टीतूनच येते, पण तिच्यातले तूप काही भट्टीत उडून जात नाही. बेसनाच्या लाडवाला तर तेलाचा थेंबही लागत नाही, तरीही 250 ग्रॅम बेसन, 125 ग्रॅम तूप आणि 200 ग्रॅम पिठीसाखर एवढ्या साहित्यात सुमारे 2,900 कॅलरी असतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा तुपाचा असतो, कारण साखरेच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी मिळतात तर तुपाच्या एका ग्रॅममागे 9. यावर तूप निम्मे करणे हा उपाय नाही. तसे केल्यास बेसन नीट भाजले जात नाही, कच्चट वास राहतो आणि लाडू टाळ्याला चिकटतो. याच मिश्रणाचे सोळाऐवजी चोवीस लाडू वळले, तर एका लाडवामागे सुमारे 180 कॅलरींच्या जागी 120 येतात आणि चवीला कोठेही धक्का लागत नाही. पाहुण्याला आणखी एक हवा असेल, तर तो मागून घेईलच.

आता कढईविषयी. दुःख झालेल्या घरात त्या वर्षी तळण होत नाही आणि नातेवाईक तिथे फराळाचे डबे पोहोचवतात, ही रीत मला ठाऊक आहे आणि तिचा मान राखला पाहिजे, याबद्दलही दुमत नाही. पण कढईचा मान राखायला सहा प्रकारांचे तळण लागत नाही. सणाच्या घरात एका चकलीचे चार घाणे निघाले तरी तो मान राखला जातो. किंबहुना चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे आणि अनारसे या सगळ्यांचा घाट एकाच आठवड्यात घातला, की शेवटचे घाणे थकलेल्या हातांनी आणि मंदावलेल्या आचेवर निघतात, आणि पुरेसे न तापलेले तेल पदार्थात मुरून तो तेलकट होतो. एकच तळणाचा पदार्थ निवडावा आणि तो मनापासून करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तळणाशिवाय सण होत नाही, हे मात्र मला मान्य नाही, आणि त्यासाठी परंपरेबाहेर जाण्याचीही गरज नाही. श्रावण शुद्ध पंचमीला, म्हणजे नागपंचमीला, अनेक घरांत चिरणे, तळणे आणि चुलीवर तवा ठेवणे वर्ज्य असते. त्या दिवशी कणकेच्या पारीत पुरण घालून, चौकोनी घडी करून, वाफवलेली दिंडे करतात आणि वरून तुपाची धार सोडून खातात. ऋषिपंचमीची भाजी अळू, माठ, भोपळा, दोडका, सुरण, मक्याचे कणीस आणि चिंच यांची होते, आणि कित्येक घरांत तिला फोडणीसुद्धा नसते, ओले खोबरे तेवढे असते. गौरी घरी येतात त्या संध्याकाळी पुष्कळ ठिकाणी भाजी-भाकरीचाच नैवेद्य असतो, पुरणाचा थाट दुसऱ्या दिवशीचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. गोपाळकाल्याला दही, पोहे, लाह्या आणि काकडी. गणपतीला उकडीचे मोदक. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या होतात, आणि त्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही 15 ऑगस्टच्या सणाला केल्या जातात. यांतल्या एकाही पदार्थाला कोणी काटकसरीचे खाणे म्हणत नाही.

मग दिवाळीच तेवढी तळणाची का झाली? माझ्या मते याचे उत्तर टिकाऊपणात आहे. दिवाळीचा फराळ एका जेवणापुरता नसतो. तो डब्यात भरायचा, आल्यागेल्याला द्यायचा, शेजारी पोहोचवायचा आणि गावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना पाठवायचा असतो. पाणी राहिले की पदार्थ नासतो, आणि पाणी काढून टाकायचे घरगुती मार्ग म्हणजे तळणे, भाजणे आणि साखरेच्या किंवा गुळाच्या पाकात बांधणे. हे सगळे शहाणपणाचेच होते आणि आहे. अडचण एवढीच झाली, की डब्यातल्या या टिकाऊ पदार्थांनी त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायच्या पदार्थांची जागा हळूहळू गिळली. मी लेखात हलका म्हणून सुचवलेला जवळजवळ प्रत्येक पदार्थ या दुसऱ्या प्रकारातला आहे. तो डब्यात राहत नाही, म्हणूनच त्याला तेवढे तेल किंवा साखर लागत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे आपण ज्यांना पाहुण्यांपुढे ठेवायला कमीपणाचे मानता, ते पोहे. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमा जाळल्या जातात, अभ्यंगस्नानानंतर अंगणात तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट हे छोटे कडू फळ फोडले जाते आणि त्यानंतरचा फराळ पोह्यांचा असतो. तेही एका प्रकारचे नव्हेत. दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्यातले, फोडणीचे तिखट आणि नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून केलेले रोसातले फोव अशा वाट्या मांडल्या जातात, आणि सोबत बहुधा काळ्या वाटाण्याची उसळ असते. सिंधुदुर्गातही कारीट आणि पोहे ही जोडी आहेच. भाताची कापणी याच सुमारास होते, त्यामुळे नव्या तांदळाचे पोहे हा त्या सकाळचा खरा मान आहे. म्हणजे पोहे वाढणे हा पाहुण्याचा अनादर असेल, तर तो अनादर तिकडच्या घरांत मोठ्या हौसेने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून केला जातो.

रोसातल्या फोवांत नारळाचा दाट रस असतो आणि त्याला स्निग्धतेविना म्हणता येणार नाही, हे मान्य. पण ते वाटीभर खाल्ले की पोट भरते. चकलीचे तसे नाही, ती गप्पांच्या ओघात मोजदाद चुकवत जाते. दडप्या पोह्यांचे तर काम त्याहून सोपे. पातळ पोह्यांवर नारळाचे पाणी शिंपडायचे, त्यात खवलेले ओले खोबरे, बारीक चिरलेली काकडी, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर कालवून झाकण ठेवायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची यांची फोडणी वरून द्यायची. भाजलेला पोह्याचा पापड चुरून घातला की कुरकुरीतपणाची हौसही भागते. सहा माणसांची न्याहारी अर्ध्या तासात होते, आणि पहाटे उठून सर्वांना उटणे लावणाऱ्या घरच्या बाईलाही सर्वांबरोबर पानावर बसता येते. आपल्या प्रतिक्रियेत तेलाची आणि परंपरेची बाजू आली, पण तळणीपुढे उभे कोण राहते, हा प्रश्न कोठेच आला नाही, म्हणून येथे त्याचा उल्लेख करतो.

डब्यातही एक हलका पदार्थ पूर्वीपासून आहेच, तो म्हणजे पातळ पोह्यांचा भाजका चिवडा. पोहे उन्हात तासभर ठेवावेत, मग मोठ्या पातेल्यात थोडे थोडे घेऊन मंद आचेवर परतावेत; आच मोठी झाली की ते आक्रसतात आणि घाई केली की चुरा होतो. 500 ग्रॅम पोह्यांना पाव वाटीच्या आसपास तेलाची फोडणी पुरते. शेंगदाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता त्याच फोडणीत कुरकुरीत करावेत, गॅस बंद करून पोहे मिसळावेत आणि मीठ व पिठीसाखर शेवटी घालावी. जाड पोहे तळून केलेल्या चिवड्याशी याची तुलना करू नये, कारण तो पदार्थच निराळा आहे. मला व्यक्तिशः भाजकाच अधिक आवडतो, पण तो आवडीचा भाग झाला.

सण वर्षातून एकदाच येतो, हे आपले विधान दिवाळीपुरते खरे आहे. तळणापुरते ते खरे राहिलेले नाही. एके काळी तेल-तूप जपून वापरले जाई आणि चकली खरोखरच दिवाळीची वाट पाहायला लावत असे. आता शेव, चकली आणि वेफर्स बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि वर्षभर ते खाणाऱ्या घराला दिवाळीत त्याचेच आणखी सहा डबे मिळाले, तर त्यात अपूर्वाई उरत नाही. इतके नको तर सरळ विकत आणावे, असेही आपण सुचवले आहे. अवश्य आणावे, पण तेल पाहून. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाले, तर व्यावसायिकांनी ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. ते प्रमाण आपल्याला दुकानात मोजता येत नाही. खवट वास आणि काळपट रंग मात्र ओळखता येतो.

राहता राहिला भाऊबिजेचा प्रश्न. होय, मी काकडी वाढीन, आणि निःसंकोच वाढीन. तोंडल्यांचा मसालेभात, आल्याचा चटका असलेली कढी, मुगाच्या डाळीचे वरण, एक वाटी बासुंदी आणि त्यासोबत खमंग काकडी, असे ते पान असेल. डावीकडे, दिवाळीत केलेल्या चकल्यांपैकी दोन. ओवाळणीच्या आधी भाऊ प्रवास करून आलेला असतो आणि आदल्या तीन दिवसांत चार घरचा फराळ त्याच्या पोटात गेलेला असतो, त्यामुळे या पानातली काकडीच बहुधा आधी संपेल. काकडी कोचवून घ्यावी, दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि साखर घालावी, साजूक तुपात जिरे आणि हिरवी मिरची तडतडवून फोडणी द्यावी. मीठ मात्र पाने वाढताना घालावे. आधी घातले तर पाणी सुटून कूट भिजते आणि कोशिंबिरीचा लगदा होतो.