संवेदनशील माहितीची ‘ती’ यादी आणि मामीचा नंबर

‘नव्या डेटा कायद्यात पासवर्ड, बँक, आजार, लैंगिक कल, बोटांचे ठसे आणि जात-धर्म एवढीच माहिती संवेदनशील. नाव, नंबर, जन्मतारीख बिनधास्त द्या. डेटा फुटला तर 250 कोटी भरपाई!’ हा मेसेज वाचून मामीने औषधाच्या दुकानात नंबर देऊन टाकला, म्हणून हे लिहितेय.

यादी अगदीच खोटी नाही, पण ती 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली आहे आणि तिच्यात जात-धर्म नाहीत. ते डेटा कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात होते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे मेसेजमधला ‘नवा कायदा’, झाला तेव्हा संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच उरला नाही. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी वैयक्तिक. म्हणजे नंबरसुद्धा.

‘बिनधास्त द्या’ हे तर सर्वांत घातक. मामीच्या बिलावर वर तिचा नंबर, खाली मेटफॉर्मिनच्या दोन पट्ट्या. नुसता नंबर म्हणजे दहा आकडे. मेटफॉर्मिनशेजारी छापला की मामीला मधुमेह आहे हे सांगणारा कागद. आठवड्याभरात साखर मोजायच्या यंत्रांचे फोन सुरू झाले. नंबर त्या दुकानातूनच गेला हे मला सिद्ध करता येणार नाही. पण आजार कळायला आजाराची फाइलच लागते, हा समज सोडा. आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की जात विचारावी लागते का?

आणि गंमत नाही, कायद्याच्या कलम 7 मध्ये उदाहरणच औषधाच्या दुकानाचं आहे: गिऱ्हाइकाने पावतीच्या मेसेजसाठी स्वतःहून माहिती दिली, तर दुकानाने ती पावती पाठवण्यासाठी वापरावी. जाहिरातीसाठी नंबर पुढे देण्याची मुभा त्यातून मिळत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर सांभाळायचं आपणच.

राहिले 250 कोटी. ती दंडाची कमाल मर्यादा आहे, आणि दंड जातो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. मामीला त्यातला एक रुपयाही नाही. उलट, नुकसानभरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ हाच नवा कायदा पूर्ण लागू झाला की वगळणार आहे. त्यावर कोणी मेसेज फिरवत नाही.

उद्या मामीला घेऊन दुकानात जातेय, तिचा नंबर काढून टाका म्हणून सांगायला.