नाव कापूस, परत आली सरकी

तीनदा सांगितलं होतं. तीनदा! आंघोळ, नखं आणि कानामागचा गुंता, एवढंच. बाकी केसांना हात लावायचा नाही. कुत्र्यांच्या पार्लरमधल्या त्या मुलाने लिहून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, ‘डोन्ट वरी मॅडम’. तिथेच कुत्रं उचलून घरी यायला हवं होतं मी.

दोन तासांनी काचेच्या दारातून जे बाहेर आलं, ते ओळखायलाच मला वेळ लागला. आत गेला होता पॉमेरेनियन. बाहेर आलं ते मोठ्या डोक्याचं, काडीसारख्या पायांचं, गुलाबी पोटाचं काहीतरी. नाव कापूस आहे हो त्याचं! हातात दिली ती सरकी.

वर खुलासा काय, तर ‘उन्हाळा आहे ना, त्याला गार वाटेल.’ अरे बाबा, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतो का? तो धापा टाकून गार होतो. वरचे राठ केस आणि खालची मऊ लव, हा दुहेरी थर ऊनही अडवतो. तो मुळापासून भादरला की कधीकधी महिनोन् महिने नीट उगवत नाही, आणि पॉमेरेनियन तर त्यासाठी बदनामच. हे मला माहीत, आणि भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेल्या माणसाला नाही?

पण खरी तिडीक गेली ती त्या रुमालाने. भादरलेल्या गळ्यात लाल ठिपक्यांचा रुमाल, आणि त्यावर अत्तर! ज्याला बंद कपाटातल्या खाऊचा वास येतो, त्याच्या नाकाखाली अत्तराचा फवारा! गाडीत सगळा वेळ शिंकत होता बिचारा. घरी येऊन पायपुसण्यावर तोंड घासत बसला. मी चप्पल काढतेय तोवर मेसेज: ‘तुमच्या बाळाचा मेकओव्हर कसा वाटला? पाच स्टार नक्की द्या!’ बाळ? आठ वर्षांचा घोडा आहे तो. सोबत दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत जीभ बाहेर काढून हसतोय. नंतरच्यात भिंतीकडे बघतोय.

याआधीच्या ठिकाणी नखं इतकी आत कापली की शीर तुटून रक्त आलं. ‘काळ्या नखांत शीर दिसत नाही हो.’ दिसत नाही तर थोडं थोडं कापा ना! आणि मनीचं तर विचारूच नका. भुंकणाऱ्या चार कुत्र्यांशेजारी तिला बसवलं, तोंडावर ड्रायर सोडला आणि मग मला ऐकवलं, ‘तुमची मांजर फार रागीट आहे.’ एका बाजूचेच केस कापून परत दिली होती तिला. उरलेली बाजू म्हणे पुढच्या वेळी! आणखी एक बाई तिला टी ट्री ऑइल चोळायला निघाली होती. मांजरांना विष असतं ते, बाई!

असो. निघताना तो मुलगा हळूच म्हणाला, ‘काखेत आणि पोटाखाली गाठी होत्या, सुटतच नव्हत्या. तुम्ही घरी विंचरता ना?’ मी ठणकावून सांगितलं, रोज. त्याचा कंगवा घरी खणात आहे. पाकिटासकट. पाकीट फोडलेलं नाही.

तरीपण एक फोन करता आला नसता? एक? आणि मी तरी काय केलं? ‘छान दिसतोय हं’ म्हणाले, वर टीपही दिली. माझ्या स्वतःच्या केसांची वाट लागते तेव्हाही मी आरशात बघून हेच म्हणते.

कापूस सध्या उघडं पोट गार फरशीला टेकवून, चारी पाय पसरून घोरतोय. इतका गाढ तो गेल्या महिनाभरात झोपला नव्हता. त्या मुलाला हे कुणी सांगू नका.